सामनचा हंगाम आणि साथीची आठवण

पृथ्वीचा नकाशा उघडून उत्तर अमेरिका खंडाच्या वायव्य कोपऱ्याकडे दृष्टि टाकली, तर अलास्का नांवाचा अवाढव्य प्रदेश तेथें पसरलेला दिसतो. विस्तारानें तो महाराष्ट्राच्या पांचपटीहून अधिक. वस्ती मात्र एकट्या पुणें शहराच्या चौथाईइतकीही नाहीं. या प्रदेशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यास बेरिंग समुद्राचा एक बाहू आंत शिरला आहे. त्यास ब्रिस्टल उपसागर म्हणतात. नुशगाक, क्विचाक, नाकनेक, इगेगिक अशा कित्येक नद्या त्यास येऊन मिळतात, आणि दरवर्षीं जून महिन्याच्या मध्यापासून पुढील चार-सहा आठवडे तांबड्या सामन माशांचे तांडेच्या तांडे या नद्यांच्या मुखांतून वर चढूं लागतात. या जातीचे जगांत जेवढे मासे धरले जातात, त्यांपैकीं जवळजवळ निम्मे या एका उपसागरांत सांपडतात.

या किनाऱ्यावर युपिक, देनाइना आणि सुगपियाक या मूळ रहिवाशांचीं गांवें फार प्राचीन काळापासून आहेत. उन्हाळ्यांत मासा धरावा, तो वाळवावा, धुरावर धरावा आणि लांबलचक हिवाळ्याकरितां सांठवून ठेवावा, हा त्यांचा संसार. डिलिंगहॅम हें त्यांतल्या त्यांत मोठें गांव. लोकसंख्या दोन हजारांच्या थोडी वर. बाहेरच्या जगाकडून तेथें येणारी सडक नाहीं. यावयाचें तें विमानानें किंवा बोटीनें. गांवाबाहेर कांहीं मैलांवर कानाकानाक या जागीं एक रुग्णालय आहे. खाटा वीसही नाहींत. परंतु या जागेचा शंभर वर्षांचा वृत्तान्त ऐकण्यासारखा आहे.

१९१८ सालीं इन्फ्लुएंझाची जी साथ जगभर पसरली, तिची ओळख महाराष्ट्रास करून देण्याचें कारण नाहीं. जूनमध्यें ती मुंबईच्या बंदरांत उतरली, आणि पावसाळ्याच्या अखेरीस दुसऱ्यांदां उसळून खेड्यापाड्यांत शिरली. लोकांनीं तिला मानमोडी म्हटलें. घराघरांतील वृद्धांच्या तोंडीं तो शब्द पुढें कितीएक वर्षें होता. हिंदुस्थानांत या एका साथीनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. त्या मानानें अलास्कांतील आंकडा अगदींच लहान वाटेल. तेथील दप्तरावरून या साथीच्या मृत्यूंची बेरीज १,११३ भरते. पण असे आंकडे वाचतांना भाजक विसरतां कामा नये. साऱ्या प्रदेशाची वस्तीच मुळीं त्या काळीं पंचावन्न हजारांच्या आसपास होती. आणि मेलेल्यांत शंभरीं ब्याऐंशीं मूळ रहिवासी होते, जरी वस्तींत त्यांचा वांटा सुमारें निम्माच होता.

रोग आला तो जहाजानें. नोम हें सोन्याच्या खाणींमुळें वसलेलें उत्तरेचें बंदर. हिवाळ्यापूर्वींची शेवटचीं जहाजें तेथें लागत असतां, २० ऑक्टोबर १९१८ रोजीं व्हिक्टोरिया हें जहाज सिॲटलहून येऊन पोंचलें. निघतांना प्रवाशांची तपासणी झाली होती. तरीही थोड्याच दिवसांत नोममध्यें माणसें पटापट अंथरुणास खिळूं लागलीं. शिक्षणखात्याचे त्या भागाचे अधिकारी वॉल्टर शील्ड्स हे स्वतःच दगावले. पुढें समुद्र गोठला आणि जहाजें थांबलीं. पण कुत्र्यांच्या घसरगाड्या थांबल्या नाहींत. डाक घेऊन, सामान घेऊन, आप्तांस भेटण्यास माणसें बर्फावरून गांवोगांव जातच राहिलीं. ब्रेव्हिग मिशन या नांवानें आज ओळखल्या जाणाऱ्या लहानशा वस्तींत ऐंशीं माणसें होतीं. १५ ते २० नोव्हेंबर या पांच दिवसांत त्यांतील बहात्तर मेलीं. जमीन दगडासारखी गोठलेली. तीं सर्व शवें पुढें एकाच मोठ्या खड्ड्यांत पुरावीं लागलीं.

याच किनाऱ्यावर, थोडें पलीकडे, शिश्मारेफ नांवाचें गांव आहे. तेथील लोकांनीं दक्षिणेकडील वार्ता ऐकतांच गांवापासून आठ मैलांवर वाटेवर हत्यारबंद पाहारा बसविला. कोणासही आंत येऊं द्यावयाचें नाहीं, मग तो डाकवाला असो कीं सोयरा असो. पाहुणा दारीं आला असतां त्यास परत लावणें हें त्या हिमप्रदेशांत केवढें कठीण कर्म आहे, याची कल्पना उष्ण देशांतील माणसास येणें अवघड आहे. तेथें उघड्यावर राहिलेला मनुष्य एका रात्रींत मरूं शकतो. शिश्मारेफकरांनीं तें कठीण कर्म केलें, आणि गांव वांचलें. साथींत वांचलेल्या गांवांचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाहीं, ही एक खेदाची गोष्ट आहे.

इतकीं माणसें मेलीं कां, या प्रश्नास रक्तांत शक्ति नव्हती एवढेंच उत्तर पुरेसें नाहीं. ज्या समाजानें तो रोग पूर्वीं पाहिला नाहीं, त्यांतील सर्वच माणसें एकाच आठवड्यांत आजारी पडतात. मग पाणी कोणी आणावयाचें? सरपण कोणी फोडावयाचें? शिकारीस कोण जाणार? चूल विझली म्हणजे घर गोठतें; घर गोठलें म्हणजे ज्याचा ताप उतरला असता तोही मरतो. भयानें आणि मायेनें कुटुंबें एकाच घरांत गोळा झालीं, तीं तर जवळजवळ समूळ गेलीं. शिवाय या साथीचा विशेष असा कीं, ती वीस ते चाळीस वयाच्या कर्त्या स्त्रीपुरुषांसच अधिक बाधत असे. हें सर्व वाचून मानमोडींत बंद दारांआड निपचित पडलेलीं दख्खनचीं घरें कोणास आठवलीं, तर नवल नाहीं.

ब्रिस्टल उपसागर मात्र त्या हिवाळ्यांत बचावला. गव्हर्नर टॉमस रिग्ज यांनीं प्रवासावर निर्बंध घातले होते आणि समुद्रही बंद होता. पण १९१९च्या वसंतांत रोगानें तेथें प्रवेश केला. तो माशांच्या कारखान्यांच्या जहाजांबरोबर आला कीं त्यापूर्वींच आला होता, याविषयीं तेव्हांही वाद होता आणि कारखानदारांनीं अर्थातच आपला कानावर हात ठेविला. हे कारखाने म्हणजे सामन मासा शिजवून डब्यांत भरण्याचीं मोठमोठीं ठाणीं. त्यांचे मालक सॅन फ्रान्सिस्कोस, आणि मजूर उन्हाळ्यापुरते दूरदूरच्या देशांतून आणलेले. मे महिन्याच्या मध्यास हंगामाची तयारी चालू असतां नुशगाक आणि नाकनेक नद्यांकांठचीं गांवें एकामागून एक मुकीं झालीं. कानाकानाक येथें सरकारी डॉक्टर लिनस फ्रेंच आणि हातावर मोजण्याइतक्या परिचारिका एवढाच आधार. कारखान्यांचे डॉक्टर व कामगार गांवोगांव गेले, तेव्हां कित्येक घरांत त्यांस केवळ शवें आढळलीं. आणि उपाशी सुटलेल्या कुत्र्यांनीं काय केलें होतें, त्याचें वर्णन येथें न केलेलेंच बरें. सुतारांनीं पेट्या केल्या, मजुरांनीं खड्डे खणले. तटरक्षक दलाचें उनाल्गा हें जहाज अगोदर उनालास्का बेटावरील साथींत गुंतलें होतें. तें डिलिंगहॅमला पोंचलें तों जून महिना अर्ध्याहून अधिक सरला होता आणि साथीचा भर ओसरला होता.

जीं उरलीं तीं बहुतेक मुलें. आईबाप गेलेलीं हीं मुलें गोळा करून कानाकानाकला आणिलीं, आणि त्या ठिकाणीं अनाथालय उभें राहिलें. आज ब्रिस्टल उपसागराच्या कांठीं भेटणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची वंशावळ मागें जातां जातां या अनाथालयाशीं येऊन थांबते. तेथील मुलांस इंग्रजी शिकविलें गेलें, अंगावर नवे कपडे घातले गेले; पोटभर अन्न मिळालें हेंही खरें. परंतु ज्यांच्याजवळ जाळें विणण्याची, हवामान ओळखण्याची, पूर्वजांच्या कथा सांगण्याची विद्या होती, तीच पिढी निघून गेल्यामुळें जें तुटलें तें अन्नवस्त्रानें सांधलें जाण्यासारखें नव्हतें.

या संबंधांत हॅरल्ड नेपोलियन या युपिक लेखकानें एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. १९०० सालीं सोन्याच्या जहाजांबरोबर आलेल्या गोंवर व इन्फ्लुएंझाच्या साथीपासून त्याचे लोक ज्यास महामृत्यु म्हणतात, त्या काळांतून वांचलेल्यांनीं पुढें त्याविषयीं बोलणेंच सोडून दिलें. युपिक भाषेंत नल्लुन्ग्वाक असा शब्द आहे. माहीत असून माहीत नसल्याचें दाखविणें, असा त्याचा भाव. आजी नातवास सर्व कांहीं सांगे. त्या वर्षाचें मात्र सांगत नसे. न बोललेलें दुःख घरांत राहतें, आणि पुढील पिढ्यांच्या दारूंत व भांडणांत तें डोकावतें, असें नेपोलियनचें म्हणणें आहे. तें सर्वांस मान्य होईल असें नाहीं. दारिद्र्य आणि बेकारी यांचाही त्यांत वांटा आहे. तथापि महाराष्ट्रांतही मानमोडीवर घरोघर किती बोललें गेलें आणि किती गिळलें गेलें, याचा विचार करण्यासारखा आहे.

आतां, त्या वेळीं या लोकांचे पुढारी कोठें होते, असें कोणी विचारील. गांवांत पुढारी होते. पण सरकारच्या दृष्टीनें ते नव्हते. अलास्काच्या कायदेमंडळानें १९१५ सालीं एक कायदा केला, त्याप्रमाणें मूळ रहिवाशास नागरिकत्व हवें असल्यास त्यानें आपल्या जमातीच्या चालीरीति सोडल्याचें सिद्ध करावें आणि त्यास निदान पांच गोऱ्या नागरिकांची साक्ष आणावी, असें ठरलें. हजारों वर्षें ज्या भूमींत राहिले, तेथें राहण्याची लायकी काल आलेल्यांनीं तपासावयाची! अशा स्थितींत कारखाने केव्हां उघडावे, जहाजें कोठें थांबवावीं, डॉक्टर कोठें ठेवावा, यांविषयीं त्यांचें मत विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९२४ सालीं अमेरिकेच्या सर्व मूळ रहिवाशांस नागरिकत्व मिळालें. तथापि औषधपाण्याचा कारभार पुढें अर्धें शतक वॉशिंग्टनहून नेमलेल्या अधिकाऱ्यांच्याच हातीं राहिला.

या कारभाराचें सूत्र हळूहळू कसें फिरलें, तो भाग फारसा प्रसिद्ध नाहीं. क्षयरोगानें अलास्कांतील गांवें पोखरलीं होतीं, त्या काळांत औषधें नेमानें देण्याकरितां गांवांतीलच एखाद्या व्यक्तीस थोडें शिक्षण देण्याची पद्धत पडली. तिच्यांतूनच पुढें ग्राम-आरोग्यसेवकांची योजना निघाली आणि १९६८ पासून तिला मध्यवर्ती सरकारचा नियमित पैसा मिळूं लागला. या सेवकांत बहुतेक स्त्रियाच आहेत. डॉक्टर शेंकडों मैलांवर. आरोग्यसेविका मात्र शेजारच्या घरांतली, गांवची बोली बोलणारी. १९७३ सालीं ब्रिस्टल उपसागरांतील गांवांनीं मिळून आपली स्वतःची आरोग्यसंस्था स्थापिली. १९७५च्या स्वयंनिर्णयाच्या कायद्यानें जमातींस सरकारी सेवा आपल्या हातीं घेण्याचा अधिकार दिला, आणि १९८० सालीं या संस्थेनें कानाकानाकचें रुग्णालय ताब्यांत घेतलें. त्या कायद्याखालीं असें रुग्णालय चालविणारी ती अमेरिकेंतील पहिली जमातीसंस्था होय. ज्या जागीं अनाथ मुलें गोळा केलीं होतीं, त्याच जागेचा कारभार आतां त्यांच्या नातवंडांच्या हातीं आला.

मध्यें ब्रेव्हिग मिशनची एक हकीकत सांगून पुढें गेलें पाहिजे. १९५१ सालीं योहान हुल्टिन नांवाचा तरुण संशोधक १९१८च्या रोगाचें बीज गोठलेल्या शवांत शोधण्यास तेथें गेला. त्यानें प्रथम गांवच्या वृद्धांस भेटून परवानगी मागितली. ती मिळाल्यावरच माती उकरली. तेव्हां प्रयत्न फसला. १९९७ सालीं, बहात्तराव्या वर्षीं, तो पुनः तेथें आला. पुनः गांवच्या पंचांसमोर उभा राहिला. आणि पुनः अनुमति घेतली. त्या वेळीं एका स्त्रीच्या फुप्फुसांतून जें मिळालें, त्यावरून डॉक्टर टाउबेनबर्गर यांच्या मंडळीनें २००५ पर्यंत त्या विषाणूची संपूर्ण रचना उलगडली. हुल्टिननें खड्डा बुजवून त्यावर लांकडाचे दोन नवे क्रूस स्वतःच्या हातानें करून उभे केले. शास्त्राच्या इतिहासांत रोगाच्या बीजास जें महत्त्व मिळालें, तें त्या अनुमतीस मिळालें नाहीं. वस्तुतः एकावांचून दुसरें हातीं लागतेंना.

मग २०२० साल उजाडलें. कोव्हिडचा अमेरिकेंतील पहिला रुग्ण जानेवारींत वॉशिंग्टन राज्यांत सांपडला. आणि ब्रिस्टल उपसागराचीं जाळीं, नावा, खलाशी, कारखान्यांचे मजूर यांतील मोठा भाग दर उन्हाळ्यांत त्याच राज्यांतून येतो. उपसागराच्या कांठीं बारमाही राहणारीं माणसें सात हजारांच्या आसपास. हंगामास बाहेरून येणारीं त्यांहून कितीतरी अधिक. कानाकानाकच्या खाटा मघाशीं सांगितल्याच आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत डिलिंगहॅमच्या नगराध्यक्षा ॲलिस रूबी आणि कुर्युंग जमातीचे प्रथम प्रमुख थॉमस टिल्डन या दोघांनीं मिळून गव्हर्नर डनलेव्ही यांस पत्र लिहिलें, आणि या वर्षींचा सामनचा धंदेवाईक हंगाम बंद ठेवण्याचा विचार व्हावा अशी मागणी केली.

या पत्राचें वजन समजून घेतलें पाहिजे. मासेमारी बंद करा असें म्हणणारे हे लोक मासेमारीवरच जगणारे होते. त्या सहा आठवड्यांत जो पैसा हातीं येतो, त्यावर वर्षभराचें तेल, लांकूड, मुलांचे कपडे चालतात. गांवाचा करही त्यांतूनच निघतो. म्हणून गांवोगांव एकमत नव्हतें. बाप म्हणे हंगाम बुडाला तर नाव विकावी लागेल. आजी म्हणे नाव पुनः घेतां येईल. कांहीं मंडळी बंदीपेक्षां कडक नियमांची मागणी करीत होती. आणि नियम कागदावरच राहतील, हें भय तर सर्वांसच होतें. १९१९ सालाचें नांव, जें घरांत कोणी घेत नसे, तें त्या वसंतांत सभांमधून आणि वृत्तपत्रांतून उघडपणें घेतलें जाऊं लागलें. शंभर वर्षांचें मौन सुटलें तें असें.

गव्हर्नरांनीं हंगाम बंद केला नाहीं. सामन मासा कोणाकरितां थांबत नाहीं, आणि अन्नाचा धंदा अत्यावश्यक आहे, ही सरकारची बाजू. तिच्यांत तथ्य नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु पत्र वायां गेलें असेंही नाहीं. एप्रिलच्या अखेरीस निघालेल्या आज्ञेनें बाहेरून येणाऱ्या प्रत्येक खलाशास चौदा दिवस अलग राहण्याचें बंधन घातलें. अलग असलेल्या नावेनें पिवळ्या-काळ्या चौकोनांचें निशाण लावावें असें ठरलें. बड्या कारखान्यांनीं मजुरांस आवाराबाहेर पडण्यास मनाई केली. गांवांनींही आपापल्या धांवपट्टीवर उतरणाऱ्यांची चौकशी चालविली. कोठें परवानगीची पद्धत केली, कोठें वाटच बंद केली. शिश्मारेफचा पाहाराच जणूं विमानतळावर येऊन उभा राहिला. मे महिन्याच्या मध्यास डिलिंगहॅममध्यें पहिला रुग्ण निघाला. तो कारखान्याकरितां बाहेरून आलेला आणि अलग ठेवलेला मजूर होता.

जून आला, जुलई आला. नद्यांत त्या वर्षीं पांच कोटींहून अधिक सामन चढले आणि सुमारें चार कोटी जाळ्यांत आले. बाहेरून आलेल्यांत रोगी निघत राहिले. पण त्यांतील बहुतेक अलग असतांनाच सांपडले, आणि ज्या वणव्याची धास्ती होती तो गांवांत पेटला नाहीं. भाव मात्र आदल्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आला, आणि जीव राखून हंगाम केलेल्या नावाड्यांच्या हातीं थोडेंच पडलें.

खरी लाट शरदानंतर आली, आणि ती उपसागराच्या उत्तरेस, युकॉन व कुस्कोक्विम नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांत सर्वांत तीव्र होती. अलास्कांत त्या वेळीं तीसांहून अधिक गांवें अशीं होतीं कीं, जेथें घरांत नळाचें पाणी नव्हतें. हात वारंवार धुवा असें साऱ्या जगास सांगितलें जात असतां, बालडींत बर्फ वितळवून आणलेलें तेंच पाणी घरांतील आठ-दहा माणसांनीं किती वेळां वापरावयाचें? अलग राहा म्हणावें, तर दोन खोल्यांच्या घरांत तीन पिढ्या. १९१८ सालच्या त्याच दोन उणिवा, दाटी आणि पाणी, शंभर वर्षांनीं पुनः समोर आल्या. आणि अलास्कांतील मूळ रहिवाशांत या साथीचे मृत्यु गोऱ्यांच्या मानानें कितीतरी पट अधिक झाले. कारभार हातीं आला म्हणून जुनी गरिबी नाहींशी होते असें नाहीं, ही गोष्ट तेथील पुढाऱ्यांनीं स्वतःच वारंवार बोलून दाखविली.

डिसेंबर २०२० च्या मध्यास लस आली, तेव्हां मात्र त्या कारभाराचा उपयोग दिसून आला. जमातींच्या संस्थांस लशीचा वेगळा वांटा मिळाला, आणि तो प्रथम कोणास द्यावयाचा हें ठरविण्याचा अधिकारही. त्यांनीं आरोग्यसेवकांच्या जोडीला आपले वृद्ध निवडले, कारण भाषा आणि विद्या त्यांच्यापाशीं. युकॉन-कुस्कोक्विमच्या संस्थेनें तर आपल्या लसमोहिमेस टोगो हें नांव दिलें. १९२५ सालीं घटसर्पावरील औषध नोमला पोंचविण्याकरितां ज्या कुत्र्यांच्या गाड्या बर्फांतून धांवल्या, त्यांतील सर्वांत कठीण टप्पा ओढणाऱ्या कुत्र्याचें तें नांव. लहान विमानें एका दिवसांत चार-चार गांवीं उतरूं लागलीं. आर्क्टिक वृत्ताजवळील शुंगनाक आणि कोबुक या गांवांच्या बाजूस लस विमानानें गेली, व पुढें यांत्रिक घसरगाडीवर, कुडी गोठविणाऱ्या थंडींत. ती गोठूं नये म्हणून कपड्यांच्या आंत अंगाशीं धरावी लागे. जे वृद्ध दवाखान्यापर्यंत येऊं शकत नव्हते, त्यांच्या घरीं आरोग्यसेविका गेल्या. २०२१च्या आरंभीं साऱ्या अमेरिकेंत लस टोचण्याच्या कामांत अलास्का आघाडीवर होती. आणि कानाकानाकला, ज्या जागीं १९१९ सालीं अनाथ मुलें रांगेनें उभीं केलीं होतीं, तेथें त्या मुलांचीं वृद्ध झालेलीं मुलें दंड उघडा करून खुर्चीवर बसलीं.